शेवटून दुसरे

माझं आणि खेळाचं कधी वाकडं नव्हतं. वाकडं यायला आधी ओळख लागते, तीच आमची नव्हती. वस्तू जागच्या जागी राहाव्यात आणि माणसांनी गप्प बसावं, एवढंच माझं या जगाकडे मागणं. म्हणून तर मी कॉलेजात ग्रंथपाल झालो. अशा माणसाला फुटबॉल संघाचा प्रमुख नेमावं, असं कुणाच्या डोक्यात यावं? आमच्या प्राचार्यांच्या.

झालं असं, की आमचे क्रीडाशिक्षक लांबलचक रजेवर गेले. मैदानावर पडून नव्हे. स्टाफच्या बैठकीत अख्खी दुपार बसून उठताना त्यांच्या कमरेत जी उसण भरली, ती निघेना. त्यांना चौघांनी उचलून नेलं आणि संध्याकाळी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“तुमच्या वाचनालयाच्या खिडकीतून मैदान दिसतं ना हो?”

“दिसतं, सर.”

“पूर्ण दिसतं?”

“एक कोपरा सोडला तर पूर्ण.” मी बोलून गेलो. प्रामाणिकपणाचे तोटे हे असे असतात.

“मग झालं तर! बसल्या जागी संघावर लक्ष राहील. आणि पुस्तकं काय, पळून थोडीच जातात?”

पुस्तकं पळून जातात. कशी जातात, कुणाच्या शर्टाखालून जातात, यावर मी तासभर सहज बोलू शकतो. पण नेमणुकीचं पत्र आधीच टाइप होऊन पडलं होतं आणि प्राचार्य त्यावर सही करण्यासाठी पेनाचं टोपण शोधत नव्हते, कारण सहीही झालेली होती.

दुसऱ्या दिवशी संघाचा कॅप्टन भेटायला आला. काउंटरवरून मला आधी फक्त त्याचे केस दिसले. बुटका, चिवट, दिवसभर कुठे ना कुठे पळत असणारा हा मुलगा. सगळं कॉलेज त्याला मुंगी म्हणतं.

“सर, यंदा आपण शेवटचे यायचं नाही,” मुंगी म्हणाला.

“शेवटचे कशाला? पहिले येऊ!” मी उत्साहाने म्हणालो. नवीन माणसाला उत्साह असतोच.

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. स्पर्धेत आठ कॉलेजं. जो संघ लागोपाठ तीन वर्षं तळाला राहतो, त्याचं नाव स्पर्धेतून काढून टाकतात. आम्ही दोन वर्षं तळाला होतो. सामने हरण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“माझं हे शेवटचं वर्ष आहे, सर. मी जाईन. पण खालच्या वर्गातली पोरं एकदम भारी आहेत हो. स्पर्धाच नसली तर ती खेळणार कुठे? मी कॅप्टन असताना संघ बंद पडला, असं नको व्हायला.” एवढं बोलून तो समोरच्या कपाटातल्या शब्दकोशांकडे बघू लागला. शब्दकोशांकडे एवढं टक लावून कुणी बघत नाही. पोराचे डोळे भरले होते.

वाचकांच्या खासगी भानगडीत न पडणं हा माझा नियम. त्या दिवशी तो मी मोडला. “नाही यायचं शेवटचं,” मी म्हणालो. मी कुणाला सहसा शब्द देत नाही. पुस्तक देतो, आणि तेही परतीची तारीख घालून.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको धुतलेले कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“तुम्ही? फुटबॉल?”

“का? त्यात एवढं काय?”

“अहो, जिन्यात मांजर आडवं बसलं तर ते उठेपर्यंत तुम्ही खाली थांबता!”

“तो सौजन्याचा भाग आहे.”

“मग तिथं पण सौजन्य दाखवा. समोरचे आले की बाजूला व्हायला सांगा पोरांना.” ती हसत सुटली. इतकी हसली, की वरच्या मजल्यावरून आवाज आला, “काय झालं वहिनी?” आणि ज्याची भीती होती तेच झालं. साहेब खाली आले.

साहेब म्हणजे निवृत्त वाहतूक निरीक्षक. नोकरी संपली, पण रहदारी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर ते एकाला थांबवून दुसऱ्याला सोडतात. बायकोने त्यांना सगळं सांगितलं आणि साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. “फुटबॉल म्हणजे दुसरं काय? रहदारीच! बावीस वाहनं आणि एकच चौक. तुम्ही काही काळजी करू नका, मी आहे.”

मी आहे, हे वाक्य आमच्या इमारतीत साहेबांच्या तोंडून निघालं की माणसं खरी काळजी करू लागतात.

आता माझ्यापुढे पहिली अडचण आली ती मीच निर्माण केलेली. मैदान वाचनालयाच्या अगदी खिडकीखाली. संघाचा सराव सुरू झाला आणि “पास! पास! अरे इकडे! मर की!” असा कल्लोळ थेट वाचनकक्षात येऊ लागला. परीक्षा तोंडावर आलेली. वाचणाऱ्या मुलांनी ग्रंथपालाकडे, म्हणजे माझ्याकडे, तक्रार केली. नियमाप्रमाणे ग्रंथपालाने संबंधित विभागाला लेखी कळवायचं असतं. म्हणून मी फुटबॉल संघप्रमुखाला, म्हणजे मलाच, एक कडक पत्र लिहिलं.

हे पत्र सरळ खिशात घालून मोकळं होता आलं असतं. पण आमच्या कार्यालयातल्या मोठ्या बाई! त्यांच्या टेबलावरून आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय कॉलेजात माशीसुद्धा उडत नाही. “तुम्ही दोघं एकच असाल हो,” बाई म्हणाल्या, “पण विभाग दोन आहेत.” पत्र गेलं, शिक्के मारून माझ्याकडे आलं, खाली बाईंनी लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘खुलासा करावा.’ मी संघप्रमुख म्हणून खुलासा केला. फुटबॉल हा मैदानी खेळ आहे, तो मनातल्या मनात खेळता येत नाही, ज्यांना शांतता हवी त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात, असं जरा फटकळ लिहिलं. तोही शिक्के खाऊन ग्रंथपालाच्या टेबलावर आला. खरं सांगतो, वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतका उर्मट खुलासा मला उभ्या नोकरीत कुणी दिला नव्हता. मी तडक प्राचार्यांकडे गेलो.

प्राचार्यांनी दोन्ही पत्रं वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “दोघांचंही म्हणणं बरोबर आहे,” ते म्हणाले. “सराव करा. पण आवाज नको. एकाही पोराचा आवाज वाचनकक्षात आला, तर मैदान परीक्षा संपेपर्यंत बंद.”

“सर, परीक्षा संपेपर्यंत स्पर्धाही संपेल.”

“तेच म्हणतोय मी.”

मी मैदानावर जाऊन हे सांगितलं तेव्हा संघाचं तोंड उतरलं. सगळ्यात जास्त हाल झाले वकिलाचे. हा आमचा आघाडीचा खेळाडू. खेळताना त्याची जीभ पायांपेक्षा जास्त पळायची. रेफरी, प्रतिस्पर्धी, चेंडू, सगळ्यांशी वाद घालायचा, म्हणून वकील. “सर, बोलायचंच नाही तर मी तिथं करू काय?” त्यानं अगदी काकुळतीला येऊन विचारलं. मी म्हणालो, “खेळून बघ.”

असा आमचा मुका सराव सुरू झाला. मुलं दात आवळून पळत. कुणी पडलं तर “आई गं” सुद्धा ओठांतल्या ओठांत. आपल्याला पास हवाय हे ओरडून सांगता येईना, म्हणून हात वर करायचे. सगळेच हात वर करत, त्यामुळे लांबून मैदानावर कुणीतरी प्रश्न विचारलाय आणि सगळ्यांना उत्तर येतंय असं वाटे. हे दृश्य साहेबांनी कुंपणापलीकडून पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

“हातवारे असे करतात का, ग्रंथपाल? याला काही शास्त्र असतं!” साहेब थेट मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. तळवा समोर, म्हणजे थांबा. हात आडवा पसरला, म्हणजे रस्ता मोकळा. कोपरातून हात आत वळवला, म्हणजे या. पोरांना हे भलतंच आवडलं. डावीकडच्या बचावाला एक मुलगा होता, उभ्या उभ्या पेंगायचा म्हणून त्याला डुलकी म्हणत. तो सुद्धा डोळे ताठ उघडून बघत होता. साहेबांची छाती दोन इंच फुगली असेल. इतक्या वर्षांत त्यांचं निमूट ऐकणारं कुणी भेटलं नव्हतं बिचाऱ्यांना.

जर्सीचं प्रकरण आणखी वेगळं. खरेदी समितीच्या नियमाप्रमाणे तीन ठिकाणांहून भाव मागवले आणि सगळ्यात कमी भावाचा शिंपी निवडला. तो शिंपी इस्पितळांचे गणवेश शिवणारा निघाला. त्यानं आपल्याकडचं कापड वापरलं, आपल्याच मापाने कापलं आणि सवयीने प्रत्येक जर्सीला छातीवर खिसा लावला. हिरव्या रंगाचा, पेन अडकवायला दोरा असलेला खिसा. पहिल्या सामन्यात समोरच्या संघाचा एक जण पाय मुरगळून पडला, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकांनी धावत येऊन डुलकीचाच दंड धरला. “अहो, स्ट्रेचर कुठंय तुमचं?” डुलकी बिचारा मुका राहायच्या सवयीने काहीच बोलेना. शेवटी त्यानं पडलेल्याचा पाय जरा चोळून दिला.

तो सामना आम्ही हरलो, हे सांगायला नकोच. पण कसे हरलो ते सांगतो. आमचा गोलकीपर म्हणजे खांब. उंचीने खांब आणि हालचालीनेही खांबच. समोर सूर्य होता. उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली म्हणून त्यानं तळवा वर धरला. साहेबांच्या शास्त्रात तळवा म्हणजे थांबा! आमचा अख्खा संघ जिथल्या तिथे थांबला. मुंगी चेंडूवर पाय ठेवून उभा. वकील एका पायावर. समोरच्या पोरांना आधी वाटलं काहीतरी घडलंय, कुणाच्या निधनाची बातमी वगैरे. तेही अदबीने थांबले. मग त्यातला एक सावध पोरगा हळूच पुढे आला, मुंगीच्या पायाखालचा चेंडू काढून घेतला आणि गोल करून परत जागेवर जाऊन उभा राहिला.

कडेला साहेब टाळ्या वाजवत होते. “बघितली शिस्त? एक गाडी हलली नाही!”

मी कपाळाला हात लावला.

पुढच्या सामन्यात दोघंजण एकाच चेंडूसाठी धावले, दोघांनीही एकमेकांना सौजन्याने “या” अशी खूण केली आणि दोघंही थांबले. चेंडू मधून निघून गेला. त्याच्या पुढच्या सामन्यात असे धावले आणि थांबलेच नाहीत. दोघांची डोकी अशी आपटली, की त्या आवाजाने प्रेक्षकांनी डोळे मिटले. त्यातही एकाच्याही तोंडून हूं नाही. आम्ही गोल खात होतो, पण अतिशय शांतपणे खात होतो.

सल्ले देणाऱ्यांना मात्र वाचा फुटली होती. दूधवाला म्हणे बचाव भक्कम करा. न्हावी म्हणे आक्रमण करा, आणि त्याची कात्री माझ्या कानाला लागून असल्याने मला मान हलवून नकारही देता येईना. मोठ्या बाईंनी विचारलं, हरलेल्या सामन्यांचा अहवाल त्रैमासिक पाठवणार की एकत्रित? रोज संध्याकाळी बायको दारात उभी राहून फक्त “किती?” एवढंच विचारायची. मी बोटं दाखवायचो. पुढे पुढे मी एक हात दाखवून दुसरा हात पिशवीतून काढायच्या आत ती “समजलं” म्हणून आत जायची. माझी इमारतीत मान वर करून चालायची सोय राहिली नाही.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर मुंगी गोलखांबाला टेकून बसला होता. मी जवळ गेलो. “सर,” तो म्हणाला, “आम्ही आधी ओरडायचो ना, तेव्हा जो मोठ्यानं ओरडेल त्याला पास द्यायचो. आता कुणी ओरडत नाही, म्हणून मान वर करून बघावं लागतं. सर, मला आता सगळे दिसतात. कोण कुठंय ते कळतं. फक्त थोडा वेळ हवा होता हो आम्हाला.” आणि सामने तर थोडेच उरले होते.

पण पोरगं खरं बोलत होतं. त्यानंतरचा सामना मी खुर्चीच्या कडेवर बसून पाहिला. आमची मुलं माना वर करून खेळत होती. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे असा जायचा, जसं काही सगळं आधीच ठरलंय. समोरच्या संघात नुसता आरडाओरडा आणि आमच्याकडे चिडीचूप. थोड्या वेळाने समोरचे बिचकायला लागले. त्यांचा एक जण वकिलाला म्हणालाही, “अरे, काहीतरी बोल ना रे, भीती वाटते!” वकिलाने ओठ घट्ट मिटून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या एका नजरेत त्याचा पूर्वायुष्यातला सगळा युक्तिवाद होता. सामना बरोबरीत सुटला आणि आम्हाला आयुष्यातला पहिला गुण मिळाला.

लगेच आयोजकांचं पत्र आलं. समोरच्या कॉलेजने तक्रार केली होती, की आपला संघ मैदानावर बोलत नाही, त्यामुळे आमच्या खेळाडूंवर मानसिक दडपण येतं, तरी खुलासा करावा. खुलासे लिहिण्यात आता माझा हात बसला होता. मी फुटबॉलचे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि कळवलं, की खेळाडूने बोललंच पाहिजे असा नियम कुठेही नाही, असल्यास दाखवावा. मोठ्या बाईंनी ते पत्र वाचलं आणि स्वतः होऊन शिक्का मारला. “मस्त लिहिलंत हो,” म्हणाल्या. कॉलेजात त्यांनी कुणाचं कौतुक केल्याची ही पहिलीच वेळ असावी.

आणि अशा रीतीने आम्ही शेवटच्या सामन्याला येऊन ठेपलो. समोर औषधशास्त्र कॉलेज. त्यांचाही एकच गुण, आमचाही एकच. पण आम्ही गोल इतके खाल्ले होते, की बरोबरी झाली तरी तळाला आम्हीच. जिंकलं तरच नाव राहणार होतं. दोन दिवस मुंगी जेवला नाही, असं खांबाने मला येऊन सांगितलं. मीही धड जेवलो नव्हतो, ते मी त्याला सांगितलं नाही.

सामन्याच्या सकाळी बायको साडीचा पदर खोचून तयार. “मी येणार आहे,” म्हणाली. “आणि त्या जर्सी इकडे द्या आधी. ते खिसे बघवत नाहीत मला.” तिनं भराभर सगळे खिसे उसवून काढले. कापड उन्हाने विटलेलं होतं आणि खिशाखालचं मात्र नवंकोरं. त्यामुळे प्रत्येकाच्या छातीवर गडद हिरवा चौकोन उमटला. लांबून एखादं मानाचं चिन्ह वाटावं, असा. “बघा,” ती म्हणाली, “आता कसं संघासारखं दिसतंय.” आणि खरंच दिसत होतं.

मैदानावर गर्दी बेताची. साहेब जुना गणवेशाचा पट्टा लावून आले होते. सामना सुरू झाला. पहिला अर्धा भाग कोरा गेला. दुसऱ्या भागात मुंगीने दोघांना चकवलं, वकिलाला चेंडू दिला, वकील गोलकडे धावला आणि त्याच क्षणी साहेबांना भावना अनावर झाल्या. त्यांनी खिशातून जुनी शिट्टी काढली आणि फुर्रर्र करून अशी फुंकली, की समोरचा सगळा बचाव थांबला. वकिलाने आरामात गोल केला.

रेफरीने गोल रद्द केला आणि साहेबांकडे बोट दाखवलं. “शिट्टी कुणी मारली?”

“मी. गाडी मोकळी सुटली होती, मार्ग करून दिला.”

“बाहेर व्हा!”

ज्या माणसाने जन्मभर लोकांना बाजूला घेतलं, त्याला बाजूला घेण्यात आलं. साहेब कुंपणाबाहेर जाऊन पडेल चेहऱ्याने उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता, की बोलायची सोय नव्हती. पण वकिलाने काय करावं? तोंडातून अवाक्षर न काढता त्यानं चेंडू उचलला, रेफरीच्या हातात दिला आणि मान लववली. रेफरी चाटच पडला. याच वकिलाला त्यानं गेल्या वर्षी दोनदा बाहेर काढलं होतं.

वेळ संपत आली. मुंगीला मधोमध चेंडू मिळाला. समोर फक्त एक बचावपटू आणि त्यांचा गोलकीपर. तीन वर्षांत मुंगीने एकही गोल केला नव्हता, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. माझी बायको तर उठून उभीच राहिली. “मार! मार रे बाळा!” पण त्यानं मान वर करून पाहिलं. पार पलीकडे, डाव्या कडेला, कुणाचंच लक्ष नसलेल्या जागी एक हात आडवा पसरलेला होता. रस्ता मोकळा! तो डुलकी होता. बचाव सोडून तो तिथे कधी आणि का गेला, ते आजही त्याला सांगता येत नाही. मुंगीने मारल्यासारखं केलं आणि चेंडू अलगद डुलकीकडे सोडला. दोन्ही प्रतिस्पर्धी मुंगीवर तुटून पडले होते. डुलकीने चेंडूकडे पाहिलं, गोलकडे पाहिलं आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडून पाय घातला. चेंडू जाळ्यात!

आमच्या पोरांनी उड्या मारल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या, जमिनीवर लोळण घेतली. सगळं एकदम मुकाट. सवयच तशी लागलेली. फक्त कुंपणाबाहेरून साहेबांची शिट्टी तेवढी वाजत राहिली आणि या वेळी कुणी तिला हरकत घेतली नाही.

पण सामना संपला नव्हता. औषधशास्त्राला कोपऱ्यातून शेवटचा फटका मिळाला. चेंडू उंच आला. खांब वर बघत पुढे सरकला आणि त्याच्या पाठीमागे, अगदी गोलरेषेजवळ, त्यांचा एक उंच पोरगा दबक्या पावलांनी येऊन उभा राहिला. मला दिसला. आमच्या बचावालाही दिसला. ते जीव तोडून हात हलवत होते, खुणा करत होते. पण खांबाची नजर चेंडूवर, त्याला कुणाचे हात दिसणार? ओरडायला हवं होतं आणि ओरडणंच तर मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं!

“खांबा! मागे! मागे बघ!”

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मैदानाच्या पलीकडच्या झाडांवरची पाखरं उडाली. खांब गर्रकन वळला, त्या पोराच्या डोक्यावरून हात लांबवला आणि चेंडू मुठीने बाहेर उडवला. शिट्टी झाली. रेफरीची, खरी.

“कोण ओरडलं हो?” बायको इकडेतिकडे बघत होती. मग तिला मी दिसलो. मी रेषेच्या आत, मैदानात, चांगला आत जाऊन उभा होतो. रेफरी माझ्याकडे आला आणि त्यानं गंभीरपणे पिवळं कार्ड काढलं. “आत आलात त्याबद्दल,” तो म्हणाला, आणि मग हळूच, “पण आवाज काय आहे हो तुमचा!” बायको धावत आली. सगळ्यांदेखत तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, “अहो, तुम्ही ओरडलात!” तिचे डोळे असे चमकत होते, की मला अगदी नवरदेवासारखं वाटलं.

मग मात्र आमची पोरं ओरडली. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. वकील तर थांबेचना. झाडाशी, कुंपणाशी, कुणाशीही बोलत सुटला. आम्ही शेवटून दुसरे आलो होतो! त्याच मैदानावर त्या दुपारी अजिंक्यपदाचा सामनाही झाला. जिंकणाऱ्या कॉलेजने नेहमीप्रमाणे करंडक घेतला, नेहमीप्रमाणे फोटो काढला. शेजारी आम्ही मला खांद्यावर घेऊन नाचत होतो. माझ्या म्हणण्यावर हसू नका, मी स्वतःही त्यात होतो, म्हणून आम्ही. त्यांचे प्रशिक्षक कुतूहलाने येऊन विचारून गेले, की तुमचा कुठला करंडक?

सगळ्यात शेवटी पुढच्या वर्षीच्या सामन्यांच्या चिठ्ठ्या काढतात. जे कॅप्टन कॉलेज सोडून चाललेले असतात, त्यांच्याच हातून काढायच्या, अशी या स्पर्धेची पद्धत आहे. मुंगीचं नाव पुकारलं. तो टेबलापाशी गेला तेव्हा नाचणं थांबलं. आयोजकांनी एक पत्र्याचा डबा पुढे केला. मुंगीने आत हात घातला, चिठ्ठी काढली आणि उलगडली. नाव अजिंक्य संघाचं होतं. पुढच्या वर्षीचा पहिला सामना. त्यांच्याविरुद्ध कोण, म्हणून त्यानं दुसरी चिठ्ठी काढली. तिच्याकडे तो बघतच राहिला.

“वाच की रे!” वकील ओरडला.

मुंगीने चिठ्ठी दोन्ही हातांनी वर धरली. त्यावर आमच्या कॉलेजचं नाव होतं.

जो गलका झाला, तो विचारू नका. खालच्या वर्गातली पोरं मुंगीच्या अंगावर पडली. साहेबांनी कुंपणावरून चढून आत यायचा प्रयत्न केला आणि पट्टा अडकून तिथेच राहिले. बायको रडत होती, मी रडत होतो, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. अजिंक्य संघाचा कॅप्टन, चांगला उंचापुरा मुलगा, गोंधळून मुंगीजवळ आला.

“अरे, पहिल्याच सामन्यात आमच्याशी गाठ आहे तुमची. आम्ही तुम्हाला यंदा सात गोल मारलेत. एवढा आनंद कसला झालाय तुम्हाला?”

मुंगीने डोळे पुसले. शेजारी उभ्या असलेल्या, पुढच्या वर्षी कॅप्टन होणाऱ्या पोराच्या हातात ती चिठ्ठी ठेवली आणि त्याची मूठ मिटली.

“डब्यात नाव होतं रे आमचं,” तो म्हणाला.